टुमॉरोलँड, डेकमँटल की एडीई? पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

दर उन्हाळ्यात मी ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टेलवेनहून बॅग भरून कुठंतरी निघते. २०२४ च्या जूनमध्ये ऑफिसचं काम लांबलं, तीन आठवड्यांची रजा रद्द झाली आणि हातात उरले फक्त शनिवार-रविवार. सात वर्षं नेदरलँड्समध्ये राहूनही इथल्या आणि शेजारच्या बेल्जियममधल्या इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सवांकडे मी कधी फिरकले नव्हते. काखेत कळसा अन् गावाला वळसा! त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर तीन ठिकाणी जाऊन आले. आता पुण्याहून यायचं ठरवणारे भाऊ-बहिणी, मित्रमैत्रिणी विचारतात, "एकच करायचं तर कुठलं?"

टुमॉरोलँडचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बेल्जियममधल्या बोम गावात २००५ पासून ते भरतं, जुलैचे दोन वीकेंड. जागा आहे दे स्कोरे नावाचं उद्यान. पूर्वी इथं विटांसाठी माती काढायचे, त्या खाणींच्या खड्ड्यांमुळे मैदानाला आपोआप उतार आलाय आणि मागं उभं राहूनही मंच दिसतो. मंच म्हणजे अख्खा राजवाडाच. २०२५ मध्ये सुरू व्हायच्या दोनच दिवस आधी मुख्य मंच आगीत जळाला, तरी त्यांनी महोत्सव वेळेवर सुरू केला. तयारी केवढी असते ते यावरून कळावं.

मला अधिकृत फेरविक्रीतून एका दिवसाचं तिकीट मिळालं. तिरंगा खांद्यावर घेतलेला एक मुलगा भेटला, नाशिकचा, खास यासाठी आलेला. आतषबाजी सुरू झाली तेव्हा तो अक्षरशः रडला, आणि माझ्याही अंगावर काटा आला. पण मुख्य मंचावरचं संगीत म्हणाल, तर एक गाणं मिनिटभर वाजतं न वाजतं तोच दुसरं सुरू. ऐकण्यापेक्षा बघणंच जास्त झालं. शिवाय आधी नोंदणी करा, वर्षाच्या सुरुवातीला विक्री उघडली की धडपड करा, बऱ्याचदा तिकिटं काही मिनिटांत संपतात. प्रवास, तंबू, खाणं धरलं तर तिन्हींत सर्वांत महाग हेच. वयाची अटही आधी तपासा.

डेकमँटलचं गणितच वेगळं. २०१३ पासून, ऑगस्टच्या सुरुवातीला, ॲमस्टरडॅमसे बोस या जंगलात. हे जंगल १९३० च्या दशकात बेरोजगारांच्या हातांनी लावलेलं. वरून स्किपोल विमानतळाची विमानं इतकी खालून जातात की पोटं दिसतात. माझ्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं. दाराशी शेकडो सायकली लागलेल्या. हँडलला लाल नाडा बांधला होता, म्हणून रात्री माझी सापडली.

तिथं झाडांत 'सिलेक्टर्स' नावाचा छोटा मंच आहे. दुपारी भुरभुर पाऊस लागला. डीजे बाईंनी रेकॉर्डच्या वेष्टनावरचे थेंब स्वेटरच्या बाहीनं टिपले, तबकडी कडेनं धरून ठेवली आणि सुई टेकवली. पुढचा तास ठेका जवळजवळ तोच. बदलत होतं ते त्याच्या आतलं, आधी एक झांज, मग खर्जातला बेस, मग नुसती शांतता. सवाईला विलंबित ख्याल ऐकताना अंग जसं हळूहळू सैल होत जातं, तसंच झालं. हे संगीत म्हणजे नुसता धडधडाट, असं मी इतकी वर्षं मानत होते. त्या तासानं ते पुसून टाकलं. रात्री अकराच्या सुमाराला सगळं आटोपतं आणि माणूस घरी जाऊन झोपतो, याचंही मला फार कौतुक वाटतं. उणीव एवढीच, की ओळखीची गाणी फारशी कानावर पडणार नाहीत. सोबतच्या मंडळींना तीच हवी असतील तर त्यांना इथं ओढू नका.

एडीई, म्हणजे ॲमस्टरडॅम डान्स इव्हेंट, १९९६ पासून ऑक्टोबरात पाच दिवस. मैदान नाही, तंबू नाही. शहरभर शेकडो कार्यक्रम, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. मी पॅराडिसोत गेले, जुन्या चर्चमधलं सभागृह आहे ते. कामानिमित्त आलेल्याला एक संध्याकाळ मोकळी मिळत असेल तर हेच बरं. दिवसा परिषदाही असतात, संगीताच्या धंद्यात शिरायचं असेल तर नक्की बघा. मात्र कार्यक्रम निवडताना डोकं गरगरतं, आणि चांगली रंगत मध्यरात्रीनंतर येते.

तेव्हा आयुष्यात एकदाच, दहाजणांच्या टोळीनं आणि खर्चाची तयारी ठेवून येत असाल, तर बोमला जा. संगीत ऐकायला येत असाल, एकटे किंवा दोघं, तर डेकमँटल, माझं मत ठाम आहे. दोन्ही देशांना शेंगेन व्हिसा एकच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, अर्ज लवकर करा. कानात घालायचे प्लग तिन्हीकडे न्याच. मी पहिल्या वेळी नेले नव्हते, दोन दिवस कान वाजत होते.

या ऑगस्टमध्ये धाकटा भाऊ येतोय. त्याला डेकमँटलचं तिकीट काढायला सांगितलंय, आणि जुन्या सायकलीच्या हँडलला त्याच्यासाठी हिरवा नाडा बांधून ठेवलाय.