ठाकुरद्वारचा फ्रेमवाला आणि आत्याचा चेहरा

छापचित्र फ्रेम करायला द्यायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. दोन वर्षांपूर्वी एका चकचकीत दुकानात दिलेलं माझं लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर उमटवलेली छाप, चारी बाजूंचा पांढरा समास कापून परत आलं. त्या समासातच पेन्सिलीने डावीकडे एडिशनचा, म्हणजे एकाच ठशाच्या छापांच्या संचातला, आकडा होता आणि उजवीकडे माझी सही. शिवाय कागद अख्खाच्या अख्खा प्लायला गोंदाने चिकटवलेला. पावसाळा संपेपर्यंत त्यावर फुगे आले. म्हणून या वेळी मुंबईतल्या ठाकुरद्वारजवळच्या या लहानशा दुकानात गेले ती छाप छातीशी धरूनच. पाटीवर नुसतं 'फोटो फ्रेम' एवढंच आहे. आत लक्ष्मी, विठोबा, दत्तगुरू यांच्या तसबिरी एकावर एक टेकवलेल्या.

छाप माझ्या आत्याची आहे, तिच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी केलेली. तीनच रंग. मागे सपाट पिवळा, चेहरा गव्हाळ, केस आणि चष्म्याची काडी काळी. सुरकुती एकही नाही. हे धाडस मला अ‍ॅलेक्स कॅट्झने दिलं. १९२७ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हा चित्रकार. न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रांचा दबदबा होता तेव्हाही तो माणसांचे चेहरेच रंगवत राहिला, सिनेमातल्या क्लोजअपसारखे मोठे, छायाप्रकाशाचा पसारा काढून टाकलेले. बायको एडाला त्याने दोनशेहून अधिक वेळा रंगवलं. १९७२च्या 'ब्लू अम्ब्रेला २' मध्ये ती डोक्याला रुमाल बांधून छत्रीखाली उभी आहे आणि भोवती पाऊस म्हणजे नुसते मोजके फटकारे. लिथोग्राफ, स्क्रीनप्रिंट, लिनोकट, वुडकट असं सगळं त्याने केलंय आणि मला तर तो छपाईतच जास्त भावतो. ठशातून रंगाचा एक सपाट आकार उमटतो, त्यात लपायला जागा नसते. नाक म्हणजे एक कड. ती सूतभर हलली की माणूसच बदलतो. माझ्या पहिल्या ठशात आत्याचा खालचा ओठ जरा जास्त कोरला गेला आणि ती रागावलेली दिसायला लागली. लिनोलियममध्ये कोरलेलं परत भरता येत नाही. नवा तुकडा घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली.

"काका, समास सूतभरही कापायचा नाही," मी आत शिरताच सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, छाप उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, "ताई, शाई जाड बसलीय. काच टेकली तर पावसाळ्यात चिकटेल. माउंट दुपदरी घेऊ." माउंट म्हणजे छाप आणि काच यांच्यात अंतर राखणारी पुठ्ठ्याची चौकट. मी तोवर शाईबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं! गोंदाचा विषय काढला तर म्हणाले, वडील गव्हाची खळच वापरायचे. त्यांनी पातळ कागदाच्या दोन पट्ट्यांना खळ लावून छाप फक्त वरच्या कडेला अडकवली. बाकी कागद मोकळा, दमट हवेत फुगला-आकसला तरी त्याला वाव राहतो.

फ्रेमची पट्टी निवडायला मात्र अर्धा तास गेला. त्यांनी नमुन्याचे कोपरे एकेक करून छापेवर ठेवून दाखवले. सोनेरी ठेवला की नजर चेहरा सोडून पट्टीवर जायची. काळी ठेवली की आत्याचा चष्मा फिका पडायचा. शेवटी पाऊण इंचाची साधी सागाची पट्टी ठेवली आणि पिवळा एकदम मागे सरून चेहरा पुढे आला. काका नुसते "हं" म्हणाले.

तक्रारी दोन. आठ दिवस सांगितले होते, तेरा लागले. वाढदिवस जेमतेम गाठला. आणि चकाकी न येणारी काच त्यांच्याकडे मिळत नाही. सपाट रंगाच्या चित्रावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा फार खुपतो. आत्याकडे ट्यूबलाइटच्या समोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावली तेव्हा कुठे तो पट्टा गेला. सोळा बाय वीस इंचाचे, माउंट आणि काचेसकट, १,८५० रुपये झाले. या कामाला ते मला रास्त वाटले.

एडिशनमधल्या आणखी दोन छापा आता त्यांच्याकडेच दिल्यात, गणपतीच्या आधी हव्यात असं बजावून.