आधी रान की आधी माळ? एका दिवसाच्या फेरीची दिशा ठरवताना

फेरी गोल आहे. एका अंगाने रानातून चढणारी वाट, वर लांबरुंद उघडा माळ, आणि दुसऱ्या अंगाने डोंगराच्या उघड्या सोंडेवरून पुन्हा पायथ्याशी. कुठूनही सुरुवात केली तरी अंतर तेच आणि चढही तेवढाच. म्हणून बहुतेक जण दिशेचा विचारच करत नाहीत, समोर जी वाट पहिली दिसते ती धरतात. मी अशा फेऱ्या दोन्ही बाजूंनी केल्या आहेत. एक-दोन तर त्याच महिन्यात सुलट आणि उलट. सॅकमध्ये काय भरायचं यावर आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ तरी या प्रश्नाला द्यावा असं मला वाटतं.

आधी माळाची बाजू, कारण कागदावर तीच जड भरते. सकाळी हवा स्वच्छ असते, तिरप्या उन्हात दूरदूरच्या रांगा वेगवेगळ्या उठून दिसतात, पाय ताजे असतात. शिवाय दिवसभर जमीन तापून चढणारे गडगडाटी ढग सहसा दुपारनंतरच जमतात, तोवर तुम्ही माथा ओलांडून झाडांकडे वळलेले असता. उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो, तेव्हा हा मुद्दा हलक्यात घेण्यासारखा नाही. दुपारचं ऊन चढलं की सावलीत शिरायला मिळतं, हेही आहेच.

आधी रान घेतलं तर पहिले दोन तास काहीच दिसत नाही. पायाखालचा पाला, समोरच्याची पाठ आणि अधूनमधून फांद्यांतून एखादा आभाळाचा तुकडा. काहींना हे कंटाळवाणं होतं. मला ते आवडतं, पण तो स्वभावाचा भाग झाला. खरी अडचण रान संपतं तिथे येते. चढून घामाने अंगातला शर्ट ओला झालेला असतो आणि झाडांची शेवटची ओळ सोडली की वारा थेट अंगावर येतो. उंचीमुळे हवा थंड होतेच, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, पण वाऱ्याने ओला शर्ट जो गार पडतो त्यापुढे ते काहीच नाही. झाडांच्या आतच थांबून कोरडा थर चढवला की हा त्रास मिटतो. पाच मिनिटांचं काम आहे.

वेळेच्या हिशोबाला विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा नियम अजून चालतो: तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या प्रत्येक दोन हजार फुटांना आणखी एक तास. उताराबद्दल तो काही सांगत नाही. ती भर पुढे एरिक लँगम्युअर या गिर्यारोहकाने घातली. सौम्य उतार असेल तर दर 300 मीटर उतरण्यामागे दहा मिनिटं वजा, तीव्र असेल तर तेवढीच मिळवायची. म्हणजे दोन दिशांची वेळ कागदावरसुद्धा एक येत नाही. रानाची बाजू बहुधा जास्त खडी असते, आणि ओली मुळं व त्यावरचा कुजलेला पाला कुठल्याच हिशोबात बसत नाही. माझ्या अनुभवात पावसानंतर अशी वाट उतरायला ती चढायला लागतो जवळपास तेवढाच वेळ लागतो. चढताना मूळ म्हणजे पायरी असते. उतरताना त्याच मुळावरून पाय सटकतो.

एवढ्यावर कदाचित मी ठाम झालो नसतो. माझा कौल फिरला तो रानाच्या कडेमुळे.

त्या दिवशी आम्ही आधी माळ घेतला होता. हवा उत्तम, धुकं नाही, माथ्यावर निवांत बसून खाल्लं. साडेचारच्या सुमारास रानाच्या दिशेने उतरायला लागलो. वरून रान म्हणजे आडवी पसरलेली काळी भिंत. सूर्य नेमका झाडांच्या मागे, त्यामुळे कडेला कुठे फट आहे, कुठे नुसती सावली, काही कळेना. माळावरची वाट तोवर मळलेली होती. पण झाडं दोनशे पावलांवर आली आणि ती कमरेएवढ्या, तांबूस पडलेल्या नेच्यात विरून गेली. एक वाट आत शिरताना दिसली, शिरलो. चाळीस पावलांवर काटेरी जाळी. ढोरवाट होती. दुसरी, तिसरी, तीच गत. फोनवर ठिपका बरोबर वाटेच्या रेघेवर दिसत होता आणि पायाखाली वाट नव्हती. दाट झाडांखाली जीपीएसचा सिग्नल इकडे-तिकडे आपटून येतो, तिथे दहा-वीस मीटरची चूक सहज होते, आणि रानाच्या कडेला दहा मीटर म्हणजे वाट आणि जाळी यांतला फरक.

पन्नास मिनिटं गेली. शेवटी वाट सापडली ती एका खोडावरच्या पिवळ्या रंगाच्या पट्ट्यामुळे. गंमत नाही, पण तो पट्टा खोडाच्या खालच्या अंगाला होता, म्हणजे चढून येणाऱ्याला दिसेल असा. आम्ही त्याच झाडाजवळून आधी एकदा गेलो होतो, वरच्या अंगाने. खोडावर नुसतं शेवाळ दिसलं होतं. आत शिरल्यावर मोकळ्या आभाळाखाली होता तो उजेडही राहिला नाही, आणि उरलेली ओली उतरण हेडटॉर्चच्या गोल उजेडात एकेक मूळ बघत उतरलो. कुणाला काही झालं नाही. पण सोबत लहान मूल किंवा गुडघ्याने बेजार माणूस असता तर, हा विचार पुढे कितीतरी दिवस डोक्यात राहिला.

यावर उपाय आहे, तो सांगायलाच हवा. थेट फटीच्या रोखाने न जाता मुद्दाम एका बाजूला, समजा डावीकडे, शंभरेक मीटर धरून चालायचं. कडेला पोहोचलं की वाट उजवीकडेच आहे हे नक्की असतं, मग कड धरून उजवीकडे वळायचं. होकायंत्र वापरणारे हे नेहमी करतात आणि ते चालतं. फक्त दिवसाच्या शेवटी, दमलेल्या डोक्याने, तेवढी शिस्त पाळावी लागते.

उलट दिशेने हा प्रश्न उद्भवतच नाही. रानात खुणा तुमच्याकडे तोंड करून असतात, वाट दोन्ही बाजूंच्या झाडांनी आखलेली असते आणि बाहेर पडल्यावर समोर सगळं उघडं. संध्याकाळी सोंडेवरून उतरताना पायथा दिसत असतो. दहा पावलं चुकलं तर दहा पावलं सरकायचं, बस. याचीही एक कटकट आहे: माळावरच्या ओल्या खोलगटी. तिथलं पीटमॉस, म्हणजे दलदलीत वाढणारं शेवाळ, स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकतं, आणि मावळत्या उजेडात तो हिरवा गालिचा जमिनीसारखाच सपाट दिसतो. माझा पाय दोनदा पोटरीपर्यंत गेला आहे. ओला मोजा घेऊन उतरणं मला त्या पन्नास मिनिटांपेक्षा परवडतं. दाट धुक्यात मात्र सोंडेचा कणा सोडू नये, आणि होकायंत्र हातात असावं.

तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. कडक उन्हाळा असेल, किंवा दुपारी गडगडाटाचा अंदाज असेल, तर आधी माळच घ्या, पहाटे निघा आणि रानाच्या कडेला उशिरात उशिरा दोनपर्यंत पोहोचा. रानाची फट तुमच्या पायाखालची असेल तर माझा अर्धा आक्षेप तिथेच संपतो. वारा कुठून आहे तेही बघा, माळावर तो पाठीवर असलेला केव्हाही बरा. बाकी दिवशी, विशेषतः दिवस लहान असताना आणि वाट नवी असताना, मी आधी रानात शिरतो.

आणि रानातून बाहेर पडलो की वीस पावलं पुढे जाऊन मागे वळतो. ज्या फटीतून आलो तिचा तिथून एक फोटो काढतो, शेजारचं एखादं वाकडं झाड किंवा दगड चौकटीत येईल असा. माळावर हवा बिघडली तर त्याच फटीतून परत शिरावं लागतं, आणि वरून ती कशी दिसते हे तेव्हा माहीत असलेलं बरं.