कॅमशाफ्ट सेन्सरची तक्रार आणि अंबड लिंक रोडवरचे गॅरेज

नाशिकच्या अंबड लिंक रोडला लागून, औद्योगिक वसाहतीच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या या गॅरेजबद्दल लिहायचे, तर आधी त्यांच्या तपासणीच्या पद्धतीबद्दलच लिहावे लागेल, कारण प्रत्यक्ष दुरुस्ती अगदी किरकोळ निघाली. माझी पेट्रोल हॅचबॅक सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होत असे. परंतु इंजिन तापल्यावर, विशेषतः द्वारका चौकाच्या कोंडीतून बाहेर पडून पंपावर बंद केल्यानंतर, सेल्फ बराच वेळ नुसता फिरत राही, मग इंजिन कसेबसे पकडे, मीटरमधला पिवळा दिवा लागे आणि पिकअप पार गळून जाई. गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३४० हा कोड येत होता. त्या कोडच्या भरवशावर दुसऱ्या एका ठिकाणी कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, कोणत्या स्थितीत आहे हे सांगणारा) बदलूनही झाला होता आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला होता.

येथील मिस्त्रींनी गाडी पाहण्याआधी प्रश्न विचारले: थंड असताना त्रास होतो की तापल्यावर, चालत्या गाडीत इंजिन बंद पडते का, टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या वरच्या झाकणाचे) काम अलीकडे झाले आहे का, आणि बदललेला जुना सेन्सर जवळ आहे का. तो डिकीतच होता. त्यांचे म्हणणे असे, की पी०३४० हा कोड सेन्सर बिघडल्याचे सांगत नाही. सेन्सर, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), तीन वायरी आणि इंजिनचा संगणक मिळून जे सर्किट होते, त्यात कोठेतरी दोष आहे एवढेच तो सांगतो. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. त्यामुळे पिस्टन वर आला हे क्रँक सेन्सरवरून कळले, तरी तो कॉम्प्रेशनला (मिश्रण दाबायला) वर आला आहे की एक्झॉस्टला (धूर बाहेर ढकलायला), हे कॅमच्या सिग्नलशिवाय संगणकाला ठरवता येत नाही आणि चालू होताना इंजिन चाचपडत राहते. एवढे समजावून सांगण्यास त्यांना फार वेळ लागला नाही, पण असे सांगणारे मिस्त्री आता विरळाच.

तपासणी मात्र सावकाश झाली. मिस्त्रींनी प्रथम कपलर सोडवून आत तेल उतरले आहे का, पिना सैल आहेत का, ते टॉर्चच्या उजेडात पाहिले. नंतर इग्निशन चालू ठेवून मल्टिमीटरने पुरवठ्याचे ५ व्होल्ट आणि अर्थिंग तपासले. दोन्ही ठीक होते. पुरवठ्याची वायर बॉडीला टेकत असती, तर त्याच ५ व्होल्टवर चालणाऱ्या इतर सेन्सरांचेही कोड एकदम आले असते, असे त्यांनी जाता जाता सांगितले. मग कपलर परत बसवून सिग्नलच्या वायरीला मागच्या बाजूने सुई लावली, सिग्नलची रेषा पडद्यावर काढणारा ऑसिलोस्कोप जोडला आणि रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवले. पडद्यावर क्रँकची आणि कॅमची अशा दोन रेषा एकाखाली एक दिसत होत्या. दोन्हींचा मेळ जागच्या जागी होता, त्यामुळे हे दोन्ही शाफ्ट जोडणारी टायमिंग चेन ताणल्याची शंकाही तेथेच मिटली. चेनचे नाव काढून हजारोंचे काम गळ्यात मारणे किती सोपे होते, हे त्या क्षणी लक्षात आले.

दोष सापडला तो वायरिंग हलवताना. मिस्त्री कपलरपासून मागे, वीतभर अंतराने हार्नेस (वायरींची जुडी) हलकेच वाकवत गेले. इंजिनच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) कडेला असलेल्या लोखंडी ब्रॅकेटपाशी हात पोहोचताच क्रँकची रेषा तशीच चालू राहिली आणि कॅमची रेषा शून्यावर सपाट झाली. वरची काळी टेप उलगडल्यावर दिसले, की हार्नेस धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटली होती आणि वायर ब्रॅकेटच्या धारेवर घासून तिचे आवरण जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढे गेले होते. इंजिन तापले की उघडी तार लोखंडाला टेकत होती. तेवढा भाग कापून नवीन तुकडा सोल्डर केला, त्यावर उष्णतेने आकसून घट्ट बसणारी हीटश्रिंक नळी चढवली आणि नवी क्लिप लावून हार्नेस ब्रॅकेटपासून दूर बांधला. नुसती टेप गुंडाळून काम उरकले असते, तर उन्हाळ्यात तिचा चिकटा सुटून तक्रार पुन्हा आली असती. जुना सेन्सरही त्यांनी लावून तपासला. तो शाबूत निघाला.

कोड पुसल्यावर त्यांच्या मुलाने स्कॅनर जोडलेला ठेवून पाथर्डी फाट्यापर्यंत माझ्यासोबत फेरी मारली, परत आल्यावर गरम इंजिन बंद-चालू करून पाहिले आणि प्रलंबित कोडही (दिवा लागण्याआधी नोंदला जाणारा) नाही याची खात्री केली. तपासणी आणि काम मिळून १,२०० रुपये घेतले. तपासणीचे वेगळे पैसे लागतील हे त्यांनी आधीच सांगितले होते, आणि ते मला पूर्णपणे रास्त वाटतात.

उणिवा आहेत. फोन बहुधा उचलला जात नाही, बसायला जागा नाही, पावसात शेडसमोर चिखल होतो आणि ‘संध्याकाळपर्यंत देतो’ याचा अर्थ दुसऱ्या दिवशीची दुपार असाही होऊ शकतो. छापील बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. ते जरूर मागावे आणि कोणती वायर कोठे दुरुस्त केली हे त्यावर लिहून घ्यावे. गाडी अजून वॉरंटीत असेल, तर मात्र येथे येण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला तक्रार नोंदवावी, कारण बाहेर हार्नेस कापला गेल्यावर वायरिंगचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. मिस्त्रींनी मलाही वॉरंटीचे विचारूनच कात्री हातात घेतली होती.