स्तनातली साधी गाठ, दुखणं: ॲक्युपंक्चर घ्यावं की नेहमीचे उपचार?

गाठ कसली आहे हे कळल्याशिवाय या दोन्हींतलं काही ठरवूच नये. सांगली-मिरजेत सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), बायोप्सी (सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं) सगळं हाकेच्या अंतरावर आहे. तरी 'सुई लागली की गाठ चिघळते' या धास्तीनं बायोप्सी टाळायची आणि ॲक्युपंक्चरच्या सुया मात्र बिनघोर टोचून घ्यायच्या, असं करणाऱ्या बाया आपल्यात आहेत. जीव तुटतो. बायोप्सीमुळे साधी गाठ कॅन्सरची होत नाही. निदान लांबलं तर मात्र नुकसान होतं.

तपासणीत फायब्रोॲडिनोमा निघाला, म्हणजे बोटाखाली गोटीसारखी सरकणारी, बहुधा तरुण वयातली गाठ, तर ॲक्युपंक्चरवर पैसे घालू नका. त्यानं ती विरघळते याला भरवशाचा पुरावा नाही. अशा बऱ्याच गाठी आहेत तेवढ्याच राहतात, काही आपोआप बारीक होतात. डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी करायची आणि वाढायला लागली तर काढून टाकायची. पाण्याची गाठ ठणकत असेल तर सुईनं पाणी काढलं की लगेच हलकं वाटतं.

खरी तुलना दुखण्यापुरती आहे. पाळीच्या आधी दोन्हीकडे जडपणा येतो, पाळी आली की उतरतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे नीट मापाची ब्रा, डायक्लोफिनॅकचं जेल, आणि हा कॅन्सर नाही हा दिलासा. पुष्कळजणींचं एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर डॉक्टर ऑर्मेलॉक्सिफिन देतात. 'सहेली', 'छाया' या गर्भनिरोधक गोळ्यांत हेच औषध असतं, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं. गुण येतो, पण पाळी लांबते, आणि दिवस राहायला हवे असतील तर ते चालत नाही. अशांना ॲक्युपंक्चर जवळचं वाटतं, कारण त्यात हार्मोनचा खेळ नाही. अभ्यास मात्र छोटे आहेत आणि हे दुखणं पुष्कळदा आपणहून कमी होतं, त्यामुळे गुण सुयांचा की दिवसांचा, सांगणं अवघड. म्हणून कॅलेंडरवर रोज दहापैकी किती दुखलं ते लिहा, निदान दोन पाळ्या. सुया त्यानंतर सुरू करा, नोंद चालू ठेवा. आकडा हलला नाही तर पुढच्या बैठका थांबवा.

तासगाव-पलूसकडच्या बायकांचं आणखी एक असतं. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून विरळणी केली की छातीचे स्नायू धरतात आणि दुखणं स्तनाचंच वाटतं. बरगडीवर बोट दाबल्यावर नेमकं तिथंच दुखलं, तर डॉक्टरांना तसं सांगा. या दुखण्याला शेक आणि विश्रांती आधी. मग सुया घेऊन बघायला माझी हरकत नाही.

छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. क्वचित होतं, पण होतं. म्हणून नोंदणी असलेलाच माणूस गाठा; महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, नोंदणी क्रमांक बिनदिक्कत विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा. आणि एकाच बाजूनं रक्ताळ स्राव, आत ओढलेलं बोंड, कातडीला खळी किंवा काखेत गाठ दिसली, तर ॲक्युपंक्चरची वेळ रद्द करून त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा.