एका दिवसात इमॅजिका: सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका दोन्ही शहरांतून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. मात्र थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटे वेगळी असल्याने, दोन्ही एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळलेला बरा. दरवाजे उघडताच सर्वप्रथम 'नायट्रो'कडे वळावे, कारण पाच वेळा उलटे फिरवणाऱ्या आणि पायांखाली फरशी नसलेल्या या रोलर कोस्टरची रांग दुपारपर्यंत चांगलीच लांबते. लहान मुलांची उंची घरीच मोजून न्यावी, म्हणजे रांगेच्या टोकाशी पोचल्यावर रडारड होत नाही. आजी-आजोबांसाठी 'आय फॉर इंडिया' उत्तम. खुर्चीत बसल्या बसल्या देशभरावरून उडाल्याचा भास होतो, शिवाय उन्हापासून सुटका. नर्मदेच्या खोऱ्यात जीवाश्म सापडलेल्या डायनासोरचे नाव मिरवणारी 'राजासॉरस'ची जलसफर मात्र चिंब करते, तेव्हा ती शेवटी ठेवून कपड्यांचा एक जोड जवळ बाळगावा. सुट्टीच्या दिवसांत गर्दी अटळ आहे; सवड असेल तर मधला वार निवडावा.