रणांगणावरची मिस्सा पेटी: वेदीचं सामान पूर्ण, खिशातलं अपुरं

लष्करी पाद्रींची मिस्सा पेटी, म्हणजे मिस्सा या कॅथलिक उपासनेचं सामान ठेवायची पेटी, आज दोन प्रकारांत मिळते. एक दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन धाटणीची जुनी पेटी, जी जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात येते. दुसरी पाठपिशवीत मावणारी नवी. दोन्हींत वेदीचं सामान चांगलं असतं. कमतरता असते ती मरणाऱ्या माणसाजवळ लागणाऱ्या वस्तूंत, आणि युद्धात पाद्रीचं खरं काम तिथेच असतं.

आधी चषक. पेटीत मावावा म्हणून तो वाटी, दांडा आणि बैठक असा सुटा होतो. विकत घेताना आधी आटे बघा. वाळू शिरून झिजलेले आटे घट्ट बसत नाहीत, वाटी डुलते, आणि उतरत्या जागेवर द्राक्षारस सांडण्याची भीती राहते. वाटीच्या आत सोन्याचा मुलामा अखंड हवा. बाहेरच्या पोच्यांकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, आतल्या खरचटण्याकडे नाही. जोडताना बैठक हातात धरून दांडा फिरवा. वाटीची कड धरून पिळलं की कड वाकडी होते.

कुप्या काचेच्या असतील तर प्रत्येकीला वेगळा कप्पा किंवा कापडी वेष्टन हवं. झाकणातलं जुनं रबर कडक होऊन गळतं, ते आधीच बदलून घ्या. एका मिस्सेला साधारण 15 मिली द्राक्षारस आणि पाण्याचे काही थेंब पुरतात, म्हणून 50 मिलीची कुपी तीन मिस्सांना होते. मोठी बाटली सोबत घेऊन फिरणं चूक आहे. उघडलेला द्राक्षारस उन्हात आंबतो, आणि व्हिनेगर झालेला चालतच नाही.

भाकरीच्या चकत्या म्हणजे गहू आणि पाणी, दुसरं काही नाही. छोटी चकती सुमारे 28 मिमीची. दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात, मग बुरशी धरतात. पेटीसोबत येणारी डबी बहुधा सैल झाकणाची असते; घट्ट फिरकीच्या झाकणाची वेगळी घ्या. वाऱ्यात वस्त्र फडफडून तबकडीवरून चकती उडते, म्हणून वेदीवस्त्राला चारही कोपऱ्यांवर चिमटे लावा. तेवढ्यासाठी चार चिमटे पेटीत द्यायला कुणाचं काय जातं, पण देत नाहीत.

जुन्या पेटीत वेदीशिळा असते, म्हणजे चषक-तबकडी ज्यावर ठेवायची तो सपाट दगड. ती जड, आणि तिच्यात संतांचे अवशेष बसवलेले. याच वजनामुळे युद्धकाळात पाद्रींना अवशेष शिवलेलं लिननचं वस्त्र वापरायची परवानगी मिळाली. आजच्या धर्मविधानानुसार चर्चबाहेर साधं टेबल चालतं, फक्त वेदीवस्त्र आणि कॉर्पोरल (चषक-तबकडीखाली अंथरायचं छोटं चौकोनी वस्त्र) हवंच. 7 ऑक्टोबर 1950 रोजी कोरियन युद्धात अमेरिकन सैन्याचे पाद्री फादर एमिल कापॉन यांनी जीपच्या बॉनेटवर मिस्सा केली, त्या प्रसिद्ध छायाचित्रात हेच दिसतं: जीप झाली वेदी, पण वस्त्र अंथरलेलं आहे. जुनी पेटी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पवित्र अवशेष विकायला सक्त मनाई आहे. शिळेत ते असतील तर तिचे पैसे देऊ नका. ती धर्मप्रांताकडे सोपवायला सांगा.

वजनाचा प्रश्न 6 जून 1944 ला पुरता उघडा पडला. फ्रान्सच्या नॉर्मंडीत पॅराशूटने उतरलेले अमेरिकन सैन्याचे पाद्री फादर फ्रान्सिस सॅम्पसन डोक्यावरून पाणी जाईल अशा ठिकाणी पडले. जीव वाचवायला त्यांनी अंगावरचं सामान कापून टाकलं, आणि मग पुन्हा पुन्हा बुड्या मारून मिस्सेचं सामान वर काढलं. त्यामुळे अंगावर घ्यायचं सामान एका ओढीत सुटणाऱ्या पट्ट्याचं असावं, आणि पिशवीच्या आत पाणी न शिरणारी दुसरी थैली असावी. नव्या पिशव्यांना बाहेरून मेणकापड असतं, पण शिवणीतून पाणी शिरतं.

आता मुख्य तक्रार. पेटी जीपमध्ये असते, जखमी उपचारकेंद्रात किंवा त्याच्याही पुढे असतो. तिथे तीनच वस्तू लागतात: जांभळी-पांढरी दुहेरी स्टोल (पाद्री विधीच्या वेळी गळ्यात घालतात तो लांब पट्टा), रुग्णाभ्यंगाच्या, म्हणजे आजारी किंवा मरणाऱ्या माणसाला लावायच्या पवित्र तेलाची डबी आणि ख्रिस्तप्रसादाची छोटी डबी. या तिन्ही पेटीतल्या कप्प्यात न ठेवता शर्टाच्या खिशात असायला हव्यात. तेलाच्या डबीत कापूस दाबून भरा, तेल त्यात मुरतं आणि डबी उलटली तरी सांडत नाही. कापूस नसेल तर तेल आट्यांतून झिरपून खिसा भिजतो आणि ऐन वेळी डबी कोरडी निघते. विधी आखूड आहे, बेशुद्ध माणसाच्या कपाळावर एकदा लावलेलं तेलही पुरेसं असतं. लढाईला निघालेल्या अख्ख्या तुकडीला एकत्र पापक्षमा द्यायला तर तेलही लागत नाही. जे जगले, त्यांनी गंभीर पापांचं वैयक्तिक पापनिवेदन पुढे करायचं असतं.

जीपवर मिस्सा करणारे कापॉन नोव्हेंबर 1950 मध्ये उत्तर कोरियातल्या उन्सानला पकडले गेले. 25 मार्च 1951 च्या ईस्टरला प्योकटोंगच्या युद्धकैद्यांच्या छावणीत भाकर नव्हती, द्राक्षारस नव्हता, म्हणून मिस्सा होऊ शकली नाही. पण जांभळी स्टोल गळ्यात घालून त्यांनी कैद्यांसाठी प्रार्थना घेतली. 23 मे 1951 ला ते तिथेच वारले.

पेटी घ्या, नवीच घ्या. ती हलकी आहे आणि शिळेची अडचण नाही. पण सोबत दुहेरी स्टोल आणि फिरकीच्या झाकणाची तेलाची डबी वेगळी मागवा. पेटीत मिळणारी स्टोल रुंद असते, घडी घालून खिशात मावत नाही.