पाकिटावर क्यूआर नाही, आपलं डोमेन: पैसे घ्यायच्या पद्धतीचा रिव्ह्यू, अमळनेरहून

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाहीये. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा आपल्या नावाचा पत्ता, घ्यायचं आणि गिऱ्हाईकाने थेट त्या पत्त्यावर जाऊन पैसे भरायचे, या पद्धतीचा आहे. धंदा वहिनीचा, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया, काळा मसाला, आणि कॉम्प्युटरची सगळी खटपट माझ्या गळ्यात. उन्हाळ्याचा पूर्ण सीझन यावर काढला, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीची गर्दी पण यावरच झेलली, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी काय चालायचं ते बघा. व्हॉट्सॲपवर ऑर्डर यायची, आपण यूपीआय आयडी पाठवायचा, समोरचा स्क्रीनशॉट टाकणार, आणि मग तो स्क्रीनशॉट कोणत्या ऑर्डरचा हे शोधत बसा. आमचं निम्मं गिऱ्हाईक सुरतेला, उधना आणि लिंबायतला खान्देशी माणूस किती आहे ते सांगायला नको. ऑर्डर भाऊच्या नावाने, पैसे येणार त्याच्या बायकोच्या खात्यातून, पार्सलवर पत्ता साडूचा. चैत्र-वैशाखात दिवसभर पापड लाटून वाळवून झाल्यावर रात्री बँकेचे मेसेज एका हातात आणि स्क्रीनशॉट दुसऱ्या हातात असा जुळवाजुळवीचा खेळ चालायचा, आणि त्यात पैसे गेल्यासारखं खोटं दाखवणारे ॲप पण निघालेत, म्हणजे स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.

आता गिऱ्हाईक आमच्या डोमेनवर जातं, माल निवडतं, नाव-पत्ता-पिनकोड टाकतं, तिथेच यूपीआय किंवा कार्डाने पैसे भरतं, आणि गेटवे, म्हणजे मधली ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी कंपनी, आम्हाला कळवतो की अमुक ऑर्डरचे तमुक पैसे आले. जुळवाजुळव खल्लास. फक्त एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी हे परत केलं असतं.

पण फुकट नाहीये हां. यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर (प्रत्येक पेमेंटमागची फी) घ्यायचा नाही हा नियम जानेवारी २०२० पासून आहे, त्यामुळे बऱ्याच जणांचा समज असतो की ऑनलाइन पैसे घेणं म्हणजे फुकटच. क्यूआर लावून घेतलं तर फुकट, बरोबर. पण मध्ये गेटवे आला की तो त्याच्या सेवेचे पैसे घेतो, साधारण २ टक्के, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १००० रुपयांची ऑर्डर असेल तर २३ रुपये ६० पैसे कापून ९७६ रुपये ४० पैसे हातात. वहिनीने हे ऐकलं तर म्हणाली, "भाऊजी, एवढ्यात तर अर्धा पाव मसाला येईल." तिचं चूक नाही. पापडाच्या धंद्यात मार्जिन काय असतं ते उडदाच्या डाळीचा भाव माहीत असलेल्याला विचारा.

मग आम्ही काय केलं, तर गावातल्यांसाठी काउंटरवर क्यूआर तसाच ठेवला आणि बाहेरगावच्यांना डोमेन. धुळ्याहून गाडीवर येऊन माल उचलणाऱ्या माणसाला वेबसाइटवर पाठवण्यात काही अर्थ नाही, तो समोर उभा आहे, स्पीकर बोलतो की पैसे आले, विषय संपला.

आता विश्वासाचं. गेटवेची नुसती पेमेंट लिंक पाठवली ना, तर ती कसली तरी लांबलचक असते, अक्षरं-आकडे कालवलेली, आणि हल्ली सायबर फ्रॉडच्या एवढ्या बातम्या येतात की माणूस त्यावर बोटसुद्धा लावत नाही. सुरतेच्या एका मावशींनी सरळ फोनच केला होता, "भाऊ, हाई लिंक खरी शे ना?" त्यांना दोष कसा देणार, मी पण नसती उघडली. तेच पापडाच्या पाकिटावर जे नाव छापलंय तेच नाव लिंकमध्ये दिसलं की असे फोन बंद होतात. पाकीट संपलं की त्यावरचंच नाव टाइप करून पुन्हा ऑर्डर येते, हा तर मी धरलाच नव्हता असा फायदा.

पण माझ्या मते डोमेनची खरी किंमत वेगळीच आहे, आणि कोणी सांगत नाही. पाकिटावर क्यूआर छापला की तुम्ही त्या क्यूआरमागच्या बँकेला बांधले गेलात. २०२४ चं आठवतं ना, रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला १५ मार्चनंतर नवीन पैसे जमा करून घ्यायला मनाई केली आणि ज्या दुकानदारांचं खातं त्याच बँकेत होतं त्यांना दुसरी बँक जोडायला पळावं लागलं. काउंटरवरचा स्टिकर बदलता येतो, पण हजारो छापील पाकिटं? डोमेनचं तसं नाही. पत्ता आपला, त्याच्या मागे आज हा गेटवे, उद्या पटला नाही तर दुसरा, पाकीट तेच. भाड्याचं घर बदललं तरी पोस्टाचा पत्ता तोच राहिला तर कसं, तसं.

सेटअपबद्दल बोलायचं तर इथे स्टार कापणार. अमेरिकेत गोडॅडीने डोमेनसोबतच पैसे घ्यायची लिंक द्यायला सुरुवात केलेली, म्हणजे डोमेन घेतलं की तिथेच पेमेंट. आम्हाला इथे दोन गोष्टी वेगळ्या घ्याव्या लागल्या, डोमेन एकाकडून, गेटवे दुसऱ्याकडून, आणि दोघांची गाठ आपण मारायची. पहिला सोपा वाटणारा उपाय म्हणजे डोमेन फॉरवर्ड करणं, कोणी आपला पत्ता टाकला की थेट गेटवेच्या पेमेंट पेजवर. हे करू नका. एकतर ब्राउझरमध्ये वरचा पत्ता लगेच बदलून गेटवेचा होतो, म्हणजे ज्या नावाच्या भरवशावर माणूस आला तेच नाव गायब, आणि आमच्या डोमेनवाल्याच्या फॉरवर्डिंगला एसएसएल, म्हणजे पत्त्याआधी https लावणारं सुरक्षा-कुलूप, नव्हतं, त्यामुळे काही फोनवर 'सुरक्षित नाही' असा बोर्ड यायचा. पैसे भरायच्या पानावर असा बोर्ड म्हणजे झालंच कल्याण. मग क्लाउडफ्लेअर पेजेस या वेबसाइट ठेवायच्या सेवेवर एक साधं पान टाकलं, ते फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं आणि एसएसएल आपोआप लागतं. पानावर माल, भाव, पत्त्याचा फॉर्म आणि पैसे भरायचं बटण, बास. डीएनएस (डोमेन कोणत्या पानाकडे न्यायचं ती नोंद) बदलल्यावर कधी पाच मिनिटांत दिसतं, कधी दुसरा दिवस उजाडतो, तेवढा धीर धरा.

गेटवेकडे आपलं डोमेन नोंदवावं लागतं हे पण लक्षात ठेवा. नोंदलेल्या पत्त्यावरून आलेलं पेमेंटच ते घेतात, दुसऱ्या पत्त्यावर तेच बटण चिकटवलं तर पेमेंट अडतं. सुरुवातीला कटकट वाटते पण विचार केला तर बरंच आहे, उद्या कोणी आपल्या खात्याचं बटण भलत्याच साइटवर लावून लोकांना फसवलं तर निस्तरायला आपणच ना.

आणि नोंदणीच्या वेळी ते साइट उघडून बघतात. अटी, प्रायव्हसी पॉलिसी, रिफंड, डिलिव्हरी, संपर्क, ही सगळी पानं पाहिजेत, नाहीतर अर्ज परत. आता पापडाची रिफंड पॉलिसी काय लिहिणार भो! पापड कुरिअरमध्ये तुटणारच, दोन-चार तुटले तर पैसे परत मागतो का कोणी? शेवटी लिहिलं की पाकीट फाटलं किंवा ओलं झालं तर फोटो पाठवा, नवीन पाठवू, आणि बिबडे तडकले म्हणजे खराब झाले असं नाही. हे शेवटचं वाक्य गेटवेवाल्याला कितपत कळलं देव जाणे, पण पास झालं.

केवायसीत वेगळीच गंमत. वहिनीचा बचत गट आहे, खातं गटाच्या नावावर, पण फॉर्ममध्ये प्रोप्रायटर, पार्टनरशिप, कंपनी, ट्रस्ट असले पर्याय, बचत गटाचा रकानाच नाही. सपोर्टला मराठीत लिहा, हिंदीत लिहा, उत्तर इंग्रजीतच आणि तेही तेच ते छापील. मग वहिनीच्या नावाने उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची, नोंदणी केली, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका, आणि तिच्या नावाचं करंट खातं जोडलं. खायची वस्तू आहे म्हणून एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा खात्याचा) नंबर पण साइटवर टाकला. जीएसटीचं मात्र सीएला विचारूनच करा, पापडावर शून्य आहे पण मसाल्यावर लागतो, आणि मसाला महाराष्ट्राबाहेर विकायचा म्हटला की उलाढाल छोटी असली तरी नंबर काढावा लागतो. सुरतेचं गिऱ्हाईक असेल तर हे आधी बघा, मग डोमेन.

सगळ्यात जास्त त्रास म्हणजे सेटलमेंट. आमच्या गेटवेत पैसे दोन कामाच्या दिवसांनी खात्यात येतात. शुक्रवारी रात्री ऑर्डर आली तर पैसे मंगळवारी, मध्ये बँकेची सुट्टी आली तर बुधवारी. आखाजीच्या तोंडावर डाळ रोखीने उचलायची असते, दाणाबाजारातला व्यापारी म्हणतो पैसे दाखव, आणि आपले पैसे स्क्रीनवर दिसतायत पण हातात नाहीत. लगेच सेटलमेंट मिळतं, पण त्याची फी वेगळी. रिफंड केला तर कापलेली फी परत मिळत नाही, हे पण आहे.

पेमेंट अडकायचे प्रकार होतात, गिऱ्हाईकाचे कटले आणि आमच्याकडे आले नाहीत असं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, पाच दिवसांत पैसे आपोआप परत गेले पाहिजेत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे मी साइटवरच मराठीत लिहून टाकलं, भांडणं कमी झाली. पुण्याचे लोक कार्डाबद्दल विचारतात, त्यांनाही सांगून ठेवलंय की कार्डाचा नंबर आमच्याकडे येतच नाही, ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवायलाच बंदी आहे.

डोमेन .इन घेतलं. .भारत पण बघितलं होतं, देवनागरीत आपलं नाव दिसतं, छान वाटतं, २०१४ पासून मिळतंय. पण बऱ्याच ठिकाणी ती लिंक कॉपी केली की एक्सएन आणि दोन डॅश असं काहीतरी भलतंच रूप दिसतं, आणि लोकांना फोनवर देवनागरी टाइप करायचा कंटाळा. ज्या फसव्या दिसणाऱ्या लिंकपासून पळालो तीच परत दारात. भाव बघताना पहिल्या वर्षाचा स्वस्त आकडा बघू नका, रिन्युअलचा बघा, तो कितीतरी जास्त असतो.

स्टार विचाराल तर पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड सेटअपचा, सेटलमेंटचा आणि त्या छापील इंग्रजी उत्तरांचा.

आणि कोणा पोराकडून वेबसाइट बनवून घेत असाल तर डोमेन कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. आमच्याकडच्या एका वेफर्सवाल्याचं डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर होतं, तो पोरगा नोकरीला पुण्याला गेला, फोन उचलेना, रिन्युअलची तारीख निघून गेली आणि ऐन श्रावणात, उपासाच्या वेफर्सचा सीझन असताना, पाकिटावरच्या पत्त्यावर काहीच उघडेना. पैसे भरायचं पान त्याच पत्त्यावर, म्हणजे गल्लाही बंद. डोमेनच्या खात्याचा पासवर्ड, ओटीपी येणारा मोबाइल आणि रिन्युअलचं कार्ड, तिन्ही आपल्या घरातलेच पाहिजेत. आमचं वहिनीच्या नावावर आहे, आणि पासवर्ड तिने डाळीच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवलाय, तेवढं मात्र मला अजून पटलेलं नाही.